जनरलवर लेख लिहायला घेतला आणि माती खाल्ली

पत्रकारितेला ॲडमिशन घेतलेली पोरंपोरी अधूनमधून विचारतात, दादा मला डिफेन्सवर लिहायचंय, कुठल्यातरी गाजलेल्या जनरलवर मोठा लेख करायचाय, सुरवात कुठनं करू. आता मी काय डिफेन्स करस्पॉन्डंट नाही, दिल्लीत कधी नोकरी केली नाही, कोल्हापुरात डेस्कवर बसून पानं लावणारा माणूस. पण एका वादग्रस्त जनरलवर एकच लेख लिहिताना मी जेवढी माती खाल्ली तेवढी नंतर दहा वर्षांत नाही खाल्ली, म्हणून तेवढंच सांगतो.

२०१२ ची गोष्ट. चीनच्या युद्धाला पन्नास वर्षं होत होती आणि आमच्या पुरवणीत एक अख्खं पान द्यायचं ठरलं. मला जॉइन होऊन दीड वर्ष झालेलं, बाइलाइनची, म्हणजे लेखावर आपलं नाव छापून यायची भूक एवढी की मीटिंगमध्ये विषय पूर्ण ऐकायच्या आधी हात वर. विषय होता लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कौल सँडहर्स्टचे, १९३३ चे. सुरवातीला राजपुताना रायफल्समध्ये, मग आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये (एएससी) म्हणजे रसदखात्यात. दुसऱ्या महायुद्धात लढत्या पलटणीची कमांड केली नाही, हा त्यांच्यावरचा कायमचा आक्षेप. नेहरूंच्या जवळचे, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या मर्जीतले, १९६१ ला चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले. ४ ऑक्टोबर १९६२ ला नव्याने उभ्या केलेल्या चौथ्या कोअरची कमांड घेऊन तेजपूरला पोचले, दोन आठवड्यांत आजारी पडले, १८ तारखेला दिल्लीला हलवले, आणि २० तारखेला पहाटे चीनने सरहद्दीवरच्या नामका चू नदीवर हल्ला केला तेव्हा कोअर कमांडर दिल्लीत घरी अंथरुणावर. पुढं परत गेले, पण सगळं हरल्यावर वेळेआधी निवृत्ती घ्यावी लागली. (पुष्कळ मराठी लेखांत त्यांना लष्करप्रमुख म्हटलंय. ते कधीच लष्करप्रमुख नव्हते, प्रमुख होते जनरल थापर. पहिली चूक लोक तिथंच करतात, मी पण पहिल्या ड्राफ्टला केली होती.)

एवढं मटेरियल हातात असल्यावर लेख काय, आपोआप लिहून होतो. आणि वर कोल्हापूरकर म्हणून माझ्याकडे अजून एक हुकमाचा पत्ता होता, तो म्हणजे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. आपल्या वडगावचे. ज्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे फक्त कुस्ती आणि तांबडा-पांढरा त्यांनी हे नाव शोधून वाचा. १९४५ ला ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटची पलटण घेऊन लढले, डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवलं, त्याच लढाईत थिमय्या आणि एल. पी. सेन पण होते, एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींना हिंदी कमांडर. पुढं १९५७ ते ६१ ईस्टर्न कमांड थोरातांकडं. चीन येणार आणि आला तर कुठपर्यंत येणार हे त्यांनी १९५९ ला कागदावर मांडलं, १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन दाखवून दिलं. तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्यांना आपल्यानंतर थोरात हवे होते, सरकारने थापर केले.

मग काय, डोक्यात पिक्चर तयार. एकीकडं रणांगण बघितलेला कोल्हापूरचा वाघ, दुसरीकडं वशिल्याचा दरबारी. एका रात्रीत अठराशे शब्द हाणले आणि सकाळी छाती काढून वृत्तसंपादकांच्या टेबलावर ठेवले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो.

अण्णांनी लाल पेन काढलं आणि पूर्ण लेखात एक अक्षर दुरुस्त केलं नाही, फक्त जवळजवळ प्रत्येक वाक्यासमोर समासात दोन अक्षरं लिहिली, 'कोण?'. चौतीस वेळा. मी मोजलंय, तो कागद अजून आहे माझ्याकडं. "कौल आजाराचं सोंग करून पळाले" - कोण? "पोर्टरच्या पाठीवर बसून आघाडीवर गेले" - कोण? "थोरातांचा इशारा नेहरूंनी केराच्या टोपलीत टाकला" - कोण? मला वाटलं अण्णा कौलांच्या बाजूचे आहेत. विचारलं तर म्हणाले, "बाजू न्हाई रे बाबा, हे तुला कुणी सांगितलं, तो तिथं हुता का, आणि त्यानं हे कवा सांगितलं, एवढं तीन लिव आणि मग ये."

ती तीन प्रश्नांची चाळणी लावल्यावर अठराशेतले फार तर पाचशे शब्द उरले. पोर्टरच्या पाठीवरचा किस्सा बऱ्यापैकी भक्कम आहे, आघाडीकडं जाताना शेवटच्या चढणीवर दम संपल्यावर कौलांना पाठीवर घेऊन नेलं होतं. पण मी तो हसण्यासाठी वापरला होता. तोच प्रसंग त्यांच्या चाहत्याने लिहिला असता तर 'श्वास पुरत नसतानाही साहेब थांबले नाहीत' असा लिहिला असता, आणि फॅक्ट दोन्हीकडं एकच. आजारपणाचंही तसंच. दिल्लीतून विमानाने येऊन सवय न करता थेट त्या उंचीवर चढलं तर छातीत पाणी होऊन माणूस जाऊ शकतो, हे आज लेहला फिरायला जाणाऱ्या टुरिस्टलाही हॉटेलवाला सांगतो. सोंग होतं असं म्हणायला माझ्याकडं कागद नव्हता. पण आजारी कमांडरने कमांड सोडली नाही आणि दिल्लीतून अंथरुणावरून हुकूम देत राहिले, हा जो खरा आणि जास्त गंभीर मुद्दा, तो माझ्या लेखात नव्हताच. शिव्या देण्याच्या नादात खरी चूकच राहून गेली होती.

मग पेपर. तेव्हाचे पेपर काय म्हणत होते हे बघायला मी एका निवृत्त मास्तरांकडं गेलो, त्यांच्याकडं कात्रणांची लोखंडी ट्रंक होती. वर डांबरगोळ्यांचा वास, आत खळ लावून वहीत चिकटवलेली कात्रणं, कडा चहासारख्या तांबूस झालेल्या, मधे कसर लागून जाळी झालेली. एका कात्रणात कौलांचं भरभरून कौतुक, धडाडीचा सेनानी वगैरे, आणि तारीखच कापून गेलेली! आता हे कौतुक हल्ल्याच्या आधीचं की नंतरचं, यावर तर सगळा अर्थ. मास्तरांनी कात्रणाची सुटलेली कड हळूच उचलून मागची बाजू बघितली, तिथं कापडदुकानाची अर्धी जाहिरात होती, दसऱ्यानिमित्त. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या सुरवातीला, म्हणजे कौल नुकतेच वर निघाले होते तेव्हाचं. अजून खरी लढाई सुरू झाली नव्हती आणि हार तयार होता. पुढच्या पानांवर, नोव्हेंबरनंतरच्या कात्रणांत, तोच माणूस दरबारी, नालायक, सगळ्याला जबाबदार. मधे फार काळ सुद्धा गेला नव्हता.

पत्रकार संशयी असतो म्हणतात ना, तर त्या ऑक्टोबरात संशय कुठं होता हे मी मास्तरांना विचारलं. १२ ऑक्टोबरला नेहरू सिलोनला जाताना पालम विमानतळावर बोलले की आपला भाग मोकळा करायला लष्कराला सांगितलंय, दुसऱ्या दिवशी सगळीकडं 'चिन्यांना हाकला' हेच. नामका चूवर जवान सुती कपड्यांत बसलेत, गरम कपडे नाहीत, तोफा जवळपास नाहीत, हे कुणी छापलं नाही. अगदीच कुणी बोललं नव्हतं असं नाही, आचार्य कृपलानींनी एप्रिल १९६१ मध्येच लोकसभेत मेनन यांच्यावर सैन्यात गटबाजी माजवल्याचा आरोप केला होता. पण ते राजकारण म्हणून वाचलं गेलं. हरल्यावरचा संशय स्वस्त असतो, मास्तर म्हणाले, आणि ट्रंक बंद केली.

हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका. अमेरिकेचा मॅकआर्थर घ्या, डिसेंबर १९४१ ते मार्च १९४२ या काळात फिलिपिन्समधून त्याच्या हेडक्वार्टरने १४२ पत्रकं काढली आणि त्यातल्या १०९ मध्ये एकाच सैनिकाचं नाव होतं, त्याचं स्वतःचं. पेपरवाले तेच छापत राहिले, आणि त्याचे उपाशी जवान त्याला 'डगआउट डग' म्हणत राहिले. आणि गंमत म्हणजे ते टोपणनाव पण पूर्ण न्यायाचं नव्हतं, पहिल्या महायुद्धात तो गडी आघाडीवर उभा राहिलेला होता.

असो. सगळ्यात जास्त शिकवलं ते शिरोळ तालुक्यातल्या एका तात्यांनी. ६२ ला तेजपूरच्या बाजूला होते असं कळलं म्हणून एसटीने गेलो. सोप्यात खाट, खाटेवर तात्या, भिंतीला फ्रेममध्ये मेडल्स, बाजूला ऊस तोडणीचा हिशोब खडूने लिहिलेला. चहा आला. मी शहाणपणा दाखवायला सुरवात केली, की तात्या, हे कौल म्हणजे शेवटी रसदखात्यातला माणूस, त्याला लढाईतलं काय कळणार. तात्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी एएससीतलाच हाय. डायवर." मी गप्प. "रात्रीचं दिवं न लावता गाडी काढायचो, खाली दरी. चार गाड्या गेल्या माझ्यासमोर. त्ये लढाईत धरतोस का न्हाई धरत?"

मला काय बोलावं सुचेना. तात्यांना कौलांबद्दल प्रेम नव्हतं, उलट चार शेलक्या शिव्याच दिल्या, पण त्यांची तक्रार वेगळीच होती, की रस्ताच नाही, माल वर पोचत नाही, विमानातून टाकलेलं निम्मं दरीत जातंय, हे रसदखात्यातनं आलेल्या माणसाला दुसऱ्या कुणापेक्षा आधी कळायला पाहिजे होतं. हा मुद्दा मला वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात अशा शब्दांत सापडला नाही. 'लढाईचा अनुभव नव्हता' हे वाक्य मी खोडलं नाही, पण 'रसदखात्यातला' हा शब्द शिवीसारखा वापरलेला होता तो काढला.

आता थोरातांचं सांगतो, कारण खरी परीक्षा तिथं झाली. लढाईनंतर नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावलं आणि तुमचा तो कागद मला का दाखवला नाही असं विचारलं, हा प्रसंग आपल्याकडं सगळ्यांना पाठ. अण्णांनी विचारलं, कोण सांगतंय? मी म्हटलं, थोरात. कुठं? आत्मचरित्रात. कवा? निवृत्तीनंतर, पुष्कळ वर्षांनी. अण्णा म्हणाले, मग कौलांनी १९६७ ला स्वतःची बाजू लिहिली तिला तू 'सारवासारव' म्हणतोस आणि थोरातांनी लिहिलं ते 'इतिहास' होय? खरं सांगतो, वाईट वाटलं. थोरात खोटं बोलले असं माझं आजही मत नाही, लाल किला सराव झाला होता, ईस्टर्न कमांडचे बाकीचे अधिकारी पण सांगतात. पण तो आपल्या गावाकडचा माणूस म्हणून मी त्याला चाळणीतून सूट दिली होती हे खरंच होतं. तशी ब्रिगेडियर दळवींनाही दिली होती, ते नामका चूवर होते, चीनच्या कैदेत राहिले, त्यांनी लिहिलेलं मोलाचं, पण ज्या माणसाच्या हुकमामुळं आपली ब्रिगेड गेली त्याच्याबद्दल ते थंड डोक्याने लिहितील ही अपेक्षा कशाला.

बघायचं कुठं, तर लोकसभेतली जुनी भाषणं आता नेटवर मिळतात, यशवंतरावांचं २ सप्टेंबर १९६३ चं निवेदन त्यात आहे, ते नीट वाचा. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेत घोकलं, पण धावून गेल्यावर सह्याद्रीने चौकशी अहवाल सभागृहात ठेवला नाही, फक्त निवेदन केलं, हे कुणी घोकून घेतलं नाही. तो चौकशी अहवाल, म्हणजे हेंडरसन ब्रुक्स अहवाल, सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही, त्याचा काही भाग २०१४ ला नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने नेटवर टाकला, म्हणजे माझा लेख छापून दोन वर्षांनी. ब्रिटिशकाळातली मेडल्स लंडन गॅझेटमध्ये सापडतात, फुकट. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसा, फोन बंद ठेवा, वहीत तीन रकाने आखा, तारीख, माणूस कुठं होता, कोण सांगतंय. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य लेखात नको. निवृत्त अधिकाऱ्यांशी बोलायला जाल तर त्यांची कोअर आणि रेजिमेंट आधी विचारा, तात्यांचा किस्सा आठवून. रसदवाली एएससी वेगळी, गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी ईएमई वेगळी.

लेख छापून आला, साडेनऊशे शब्दांचा. चूक राहिलीच. फोटोओळीत मी थोरातांनी नेहरूंना अहवाल दिला असं लिहिलं होतं, सगळ्या भांडणाचा मुद्दाच हा की नेहरूंपर्यंत तो पोचला नाही! लेखात बरोबर, फोटोओळीत चूक, कारण फोटोओळ रात्री साडेअकराला ऑपरेटरच्या डोक्यावर उभं राहून लिहिलेली आणि अण्णा घरी गेलेले. सकाळी पहिला फोन मास्तरांचा. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा.

पुढच्या रविवारी अंक घेऊन शिरोळकडं गेलो. तात्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून, सगळा वाचला, अर्धा तास तरी लागला असेल, मी अंगणात कोंबड्या बघत बसलेलो. मग हाक मारली.

"कौलाचं बरोबर लिवलंस."

मी खूश.

"पर मला ईएमईत का घातलंस?"