किल्ली मागावी लागू नये: शाळा-कॉलेजातल्या ट्रान्सजेंडर पोरांच्या बाथरूमची सोय कशी करायची

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी 22 वर्षांपासून शिपाई आहे. पोरं मला मामा म्हणतात. बाथरूमच्या किल्ल्या माझ्याच खिशात असतात, म्हणून हे लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी बी.ए.ला एक पोरगी आली. दाखल्यावर मुलाचं नाव, राहणं पोरीचं. मुलांच्या बाथरूमात गेली की पोट्टे बाहेरून दार वाजवायचे, मुलींच्या दारात तिला अडवायचे. एक दिवस ती हळूच म्हणाली, "मामा, दिव्यांगांच्या बाथरूमची किल्ली द्या न." मी व्हरांड्याच्या या टोकावरून त्या टोकाच्या शिपायाला ओरडून सांगितलं, "अरे, हिला किल्ली दे!" सगळा व्हरांडा तिच्याकडे पाहायला लागला. त्यानंतर तिनं कधीच किल्ली मागितली नाही. सकाळच्या एसटीनं यायची, घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. मार्चच्या उन्हात तिला उन्हाळी लागली, ताप भरला. पुढच्या वर्षी तिनं नाव घातलं नाही. ती चूक माझी होती. तुमच्याकडे ती होऊ नये.

आधी खोली शोधा. नवं बांधकाम लागेलच असं नाही. बहुतेक कॉलेजात स्टाफचं किंवा दिव्यांगांचं एक सुटं बाथरूम असतं, त्यात झाडू आणि मोडके बाक भरलेले असतात. ते रिकामं करा. दार वरपासून खालपर्यंत बंद होणारं हवं, खालची फट मोठी असेल तर पत्रा ठोका. कडी आतून घट्ट बसते का, हे स्वतः आत उभं राहून पाहा. आमच्याकडे कडी होती, कोंडाच निखळलेला होता. बल्ब, बादली, मग, कपडे अडकवायला खुंटी, झाकणाची कचरापेटी. कचरापेटी विसरू नका, मुलगा म्हणून राहणाऱ्या काही पोरांना पाळी येते. उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं, तेव्हा ड्रम रोज सकाळी मी भरतो. खोली दिव्यांगांची असेल तर त्यांचा उतार आणि दांडी तशीच राहू द्या.

जागा रहदारीची असावी, पण ऑफिसच्या तोंडासमोर नको. इमारतीमागच्या झुडपात तर मुळीच नको.

पाटीवर फक्त "सर्वांसाठी" लिहा. "तृतीयपंथी" अशी पाटी लावली तर आत जाणाऱ्याची ओळख साऱ्या गावाला कळते, मग तिथं कोणी पाऊल ठेवत नाही. शिक्षकांनीही तेच बाथरूम वापरावं, म्हणजे कोणावर बोट राहत नाही. आणि कुलूप लावू नका. कॉलेज उघडलं की ते उघडं, बंद झालं की बंद.

हे झालं म्हणून कोणाला "तू आता तिकडेच जा" म्हणायचं नाही. मुलगी म्हणून राहणारीला मुलींच्या बाथरूमात जायचं असेल तर तिला एकटीला विचारा, ती सांगेल तसं करा. 2017 च्या स्वच्छ भारतच्या मार्गदर्शक सूचनांतही स्वतःच्या पसंतीचं शौचालय वापरू द्या असंच सांगितलं आहे. पालक तक्रार घेऊन आले तर प्राचार्यांनी भेटावं, पोरीला समोर बोलावू नये. त्रास कोण देतो ते विचारावं आणि दार वाजवणाऱ्यावर कारवाई करावी. लिंगओळखीवरून छळणं हे 2016 पासून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत रॅगिंगमध्ये मोडतं. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522.

कोणी ऐकत नसेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात दोन गोष्टी लिहा. 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं ट्रान्सजेंडर लोकांसाठी सार्वजनिक शौचालयांची सोय करायला सरकारांना सांगितलं. आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचं संरक्षण) कायद्याचं कलम 3 शिक्षणसंस्थेत भेदभाव करू देत नाही. त्याच कायद्याच्या कलम 11 प्रमाणे संस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याचं नाव मागा. नाव मागितलं की ऑफिसात फाइल हलते, हा माझा अनुभव आहे. कॉलेजात नॅकची (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची) तयारी चालू असेल तर अर्जाची प्रत आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, सरांना द्या. झेडपीची शाळा असेल तर मुख्याध्यापकांमार्फत शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेसाठी बंधित (त्याच कामाला वापरायचा) निधी येतो, दार-पत्र्यासाठी सरपंचांकडे तो मागता येतो. पोराचं नाव मात्र कोणत्याच ठरावात येऊ देऊ नका.

परीक्षेला सेंटर दुसऱ्या कॉलेजात लागतं, तिथं सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी आदल्या दिवशी तिथल्या शिपायाला फोन करतो. कोणासाठी ते सांगत नाही. एवढंच म्हणतो, "तळमजल्यावरचं एक बाथरूम उघडं ठेव भाऊ, अन् आतली कडी लागते का ते पाहून घे."