पुराचा इशारा आला की आधी दावं सोडा

गाई-म्हशींना पोहता येतं. पुरात गोठ्यातली जनावरं मरतात ती बांधलेली राहतात म्हणून. पाणी मध्यरात्री शिरतं, घरची माणसं आधी म्हातारी-पोरं बाहेर काढतात, आणि गोठा आठवतो तेव्हा दाराशी छातीभर पाणी असतं.

सुताचं किंवा अंबाडीचं दावं भिजलं की फुगतं. जनावर ओढ खातं तशी गाठ आवळत जाते आणि अंधारात बोटांना दाद देत नाही. साखळी तर पावसाळाभर नकोच. गाठ मारताना शेवटचा फेरा नुसत्या टोकानं घेऊ नका, दोर दुमडून घ्या. मग टोक ओढलं की एका हिसक्यात सुटते. धारदार विळा दारात डोक्याच्या उंचीवर टांगा. कोपऱ्यात ठेवलेला विळा पाण्याखाली सापडत नाही.

इशारा आला की दिवसाउजेडी जनावरं उंचावर न्या. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढू लागल्या तरी न्या. अंदाज चुकला तर एक हेलपाटा पडेल, एवढंच.

बाकीची कामं:
- जनावरांना घटसर्प, फऱ्या या रोगांची लस पावसाळ्याआधी 2–3 आठवडे
- मोठ्या जनावरामागे रोज 5–6 किलो सुका चारा, चार दिवसांचा, माळ्यावर
- युरिया, कीटकनाशकं वरच्या फळीवर. युरियाचं पाणी प्यायलेलं जनावर दगावतं
- मोटरचा स्टार्टर काढून घरात
- मेन स्विच पाणी यायच्या आत, कोरड्यात उभं राहून बंद
- छपराच्या पत्र्यांचे हूक आवळणे
- कागदपत्रं, रोजची औषधं, बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत

पूर ओसरल्यावर विहिरीसाठी महागडी द्रावणं गळ्यात मारायला विक्रेते येतील. घेऊ नका, साधी ब्लिचिंग पावडर पुरते. आधी गढूळ पाणी उपसा, कारण गाळ पावडरीतला क्लोरीन खाऊन टाकतो. नवं पाणी भरलं की 1000 लिटरला 2.5 ग्रॅम हे प्रमाण. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28,000 लिटर, त्याला 70 ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढी विहिरीत सोडा. तासभर तरी पाणी काढू नका. रात्री टाकून सकाळी वापरलेलं बरं. पावडर ताजी, बंद डब्यातली घ्या. उघड्या पोत्यातल्या, वास उडालेल्या पावडरीवर भरवसा ठेवू नका.

भिजलेल्या चाऱ्याला बुरशीचा वास आला तर तो थेट उकिरड्यात टाका. वाळवूनही जनावरांपुढे घालू नका.