एअर रायफलचे पेलेट: या चुका टाळा

इंदूरला आमच्या रेंजवर दर उन्हाळ्यात नवी पोरं येतात आणि दर उन्हाळ्यात त्याच चुका घेऊन येतात. सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे दुसऱ्याचा डबा बघून पेलेट, म्हणजे रायफलचे शिशाचे छर्रे, घेणं. अरे बाबा, त्याची नळी वेगळी, तुझी वेगळी. डब्यावर ४.५ एमएम लिहिलं असलं तरी पेलेटच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं मिळतं आणि एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या मालातही, फरक पडतो.

मागे एक मुलगा मॅचच्या आदल्या संध्याकाळी गेल्या वेळच्या पहिल्या नंबरवाल्याचे पेलेट घेऊन आला. सायटिंगला, म्हणजे मॅचआधी नेम जुळवायच्या वेळात, सगळे शॉट डावीकडे खाली, हा सायटचे क्लिक फिरवतोय, पंधरा मिनिटं त्यातच संपली आणि ग्रुप, म्हणजे भोकं एकाजागी येणं, शेवटपर्यंत बसलाच नाही. वडील मागून, "रायफलच खराब आहे हो दादा, बदलून टाकू." लाखांची रायफल! दुसऱ्या दिवशी मी ती शिकंज्यात बांधली. जुन्या डब्यातले पाच जवळजवळ एकाच भोकात, नवीन डब्यातल्या पाचांची भोकं सरळ वेगवेगळी दिसत होती. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे हे कसं चालायचं?

म्हणून आधी तीन-चार मापांचा एकेक डबा घ्या, शिकंज्यात बांधून प्रत्येकाचे दहा-दहा मारा, ज्याचा ग्रुप बसेल त्याच लॉटचे डबे वर्षभराचे उचला. हातात धरून मारलंत तर ती तुमच्या हाताची परीक्षा झाली, पेलेटची नाही. यूट्यूब बघून एकेक पेलेट वजनकाट्यावर ठेवत बसणारेही येतात, त्यांनी तो वेळ होल्डिंगला, म्हणजे रायफल स्थिर धरायच्या सरावाला, द्यावा, एवढंच म्हणतो.

दुसरं, खिशात सुटे पेलेट. शिसं मऊ असतं, मागचा घेर जरा चेपला की शॉट गेलाच. मी तर ज्या डब्यातला फोम हरवलाय तो सरळ सरावाला टाकतो, आणि खाली पडलेला पेलेट उचलून परत भरत नाही.

कागदी टार्गेटवर टोकदार पेलेट नको, भोक फाटतं, चपट्या डोक्याचेच घ्या. रायफलचा हवेचा सिलिंडर घाईत भरू नका, हवा तापते, थंड झाली की दाबाचा काटा खाली. त्याला तेल तर अजिबात लावायचं नाही. सिलिंडरची मुदत संपली नाही ना, म्हणून त्यावरची तारीखही बघत जा.

आणि सराव संपला रे संपला की पोहे-जलेबीवर तुटून पडता, ते आधी बंद करा. शिसं आहे ते, हात साबणाने धुवा, पँटला पुसून नाही.