तारे लांबट येतायत? गेनला हात लावण्याआधी या चुका टाळा

तेजोमेघाचा फोटो बिघडला की पहिला हात जातो तो गेन किंवा आयएसओकडे, म्हणजे कॅमेरा सिग्नल किती वाढवतो त्या आकड्याकडे. हे आकडे खरं तर एकदा ठरवून विसरायचे असतात. बिघाड बहुतेक वेळा माऊंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड) आणि गायडिंगमध्ये (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एक तारा धरून माऊंटची चूक सुधारत राहणं) असतो.

म्हणून कॅमेऱ्याचं आधी उरकून घेऊ. झेडडब्ल्यूओच्या एएसआय 2600 किंवा 533 या खगोल-कॅमेऱ्यांत गेन 100 ला रीड नॉइज (सेन्सर वाचताना येणारा गोंगाट) एकदम खाली येतो, सुमारे दीड इलेक्ट्रॉनवर, आणि डायनॅमिक रेंज (अंधुक ते उजळ एकत्र टिपण्याची क्षमता) जवळपास गेन 0 इतकीच राहते. 300 वर नेलं म्हणून प्रकाश जास्त मिळत नाही, ताऱ्यांचे रंग मात्र जळतात. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत ही जागा वेगळ्या आकड्यावर असते. मॅन्युअलमधला आलेख बघा. डीएसएलआर असेल तर आयएसओ 800 ते 1600, फाइल रॉ, आणि ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद. नाहीतर अर्धी रात्र कॅमेरा स्वतःच डार्क (उजेड बंद करून घेतलेली, गोंगाट वजा करायची फ्रेम) काढत बसतो.

एक्स्पोजर इतकं हवं की हिस्टोग्रामचा (उजेडाच्या वाटणीच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून स्पष्ट सुटलेला दिसेल. एफ/6 च्या दुर्बिणीला पुण्या-मुंबईच्या उजळ आकाशात फिल्टरशिवाय 60 सेकंद पुरतात, अंधाऱ्या जागी 180, ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) लावला तर 300. मृगातल्या एम 42 चा गाभा त्यातही जळतोच, त्याच्यासाठी 5-10 सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्या.

कूलिंगची चूक मे महिन्यात हमखास होते. सेन्सर थंड करणारा कूलर भोवतालच्या हवेपेक्षा साधारण 35 अंश खाली जातो. बाहेर 30 असताना उणे 10 लावलं तर कूलर 100 टक्क्यांवर धापा टाकतो, तापमान हलत राहतं आणि डार्क जुळत नाहीत. उन्हाळ्यात सरळ 0 ठेवा, डार्कही त्याच तापमानाचे, त्याच गेन-ऑफसेटचे आणि तितक्याच सेकंदांचे घ्या.

आता गायडिंग. पीएचडी2 या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गाइडस्कोपची (गाइड कॅमेऱ्याच्या छोट्या दुर्बिणीची) फोकल लेंग्थ चुकीची भरणं ही सगळ्यात फसवी चूक. 120 मिमीऐवजी 240 भरलं की 1.4 आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आरएमएस, म्हणजे गायडिंगची सरासरी चूक, 0.7 दिसते आणि आपण खूश. मुख्य कॅमेऱ्याचा स्केल, म्हणजे एका पिक्सेलमध्ये किती आकाश मावतं ते, काढायला पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, 206 ने गुणा, फोकल लेंग्थने भागा. 3.76 मायक्रॉन आणि 480 मिमी म्हणजे 1.6 आर्कसेकंद. आरएमएस त्याच्या आत हवी, आणि आरए (पूर्व-पश्चिम) व डेक (उत्तर-दक्षिण) या दोन्ही दिशांचे आकडे सारखे हवेत. एकूण आकडा चांगला पण आरए डेकच्या दुप्पट असेल, तर तारा अंडाकृतीच येणार.

गाइड एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचं ठेवलं तर माऊंट हवेच्या थरथरीमागे धावतो. 2 सेकंदांपासून सुरुवात करा, मग पीएचडी2 मधलं गायडिंग असिस्टंट चालवून मिन-मूव्ह (याहून छोटी चूक सुधारायची नाही ती मर्यादा) त्याला ठरवू द्या. कॅलिब्रेशन (माऊंट कुठे आणि किती सरकतो ते सॉफ्टवेअरला शिकवणं) खगोलीय विषुववृत्ताजवळ, मध्यमंडलाच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) आसपास करा. एम 81 सारखं उत्तरेकडचं लक्ष्य धरून तिथेच केलं तर आरएमध्ये तारा पुरेसा सरकत नाही आणि कोन चुकतो.

गायडिंगचा ग्राफ सपाट, तरी तारे लांबट? मग कुठे लांबट आहेत ते बघा. पूर्ण फ्रेमभर एकाच दिशेला, आणि सब (एकेका फोटोचं एक्स्पोजर) लांबवला की जास्त, तर गाइडस्कोप वाकतोय: त्याचे रिंग, डोव्हटेल आणि फोकसरचा स्क्रू घट्ट करा, लोंबणाऱ्या वायरी बांधा. गाइड ताऱ्याभोवती कमानीत फिरलेले असतील तर पोलर अलाइनमेंट (माऊंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं) चुकलंय. आपल्याकडे ध्रुव तारा जेमतेम 16 ते 22 अंशांवर, म्हणजे धुरळ्यात किंवा शेजारच्या इमारतीमागे. दिसत नसेल तर ड्रिफ्ट अलाइन करा, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष जुळवा. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

फक्त डेकमध्ये ग्राफ एका बाजूला जाऊन बराच वेळ परत येत नसेल, तर तो बॅकलॅश, म्हणजे गिअरमधली ढिलाई. आणि स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र केलेल्या फोटोत) तिरप्या रेघा दिसल्या तर डिदर (फ्रेमच्या मधे दुर्बीण जराशी सरकवणं) बंद राहिलंय. दर 2-3 फ्रेमनंतर डिदर करा. वरच्याच दुर्बिणीला 120 मिमीचा गाइडस्कोप आणि 3.75 मायक्रॉनचा गाइड कॅमेरा असेल, तर त्याचा एक पिक्सेल मुख्य कॅमेऱ्याच्या चार पिक्सेलइतका होतो, त्यामुळे गाइडचे दोन-तीन पिक्सेल पुरे. डिदरनंतर सेटल व्हायला 10 सेकंद द्या, नाहीतर पुढच्या सबची सुरुवातच हललेली येते.