रिसेट कंट्रोलर लावताय? या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनवर) बॅरलचं तापमान सेटपॉइंट, म्हणजे ठरवलेलं तापमान, ओलांडून गेलं, की दोष इंटिग्रलवर, म्हणजे कंट्रोलरने साठवत आणलेल्या एररच्या बेरजेवर, येतो. एरर (सेटपॉइंट आणि प्रत्यक्ष तापमान यांतला फरक) शून्य झाली तरी आधी साठलेलं इंटिग्रल हीटर तापवतच राहतं. मग कुणीतरी सुचवतं, एररचं चिन्ह बदललं की इंटिग्रल शून्य करून टाका, म्हणजेच रिसेट करा. क्लेग यांनी 1958 मध्ये मांडलेली ही कल्पना भक्कम आहे. साधा इंटिग्रेटर (बेरीज साठवणारा भाग) 90 अंशांचा फेज लॅग, म्हणजे सिग्नलला उशीर, आणतो, तर क्लेगचा सुमारे 38 अंशांचा.

तरीही अख्खं इंटिग्रल शून्य करू नका. सर्वांत जास्त त्रास इथेच होतो. तापमान नुसतं टिकवायलाही हीटर लागतो, समजा 40 टक्के. तो आकडा इंटिग्रलमध्येच साठलेला असतो. तो पुसला की तापमान घसरतं, इंटिग्रल पुन्हा भरतं, पुन्हा पुसलं जातं, आणि तापमान कायमचं वर-खाली होत राहतं. अशा वेळी काही भागच रिसेट करा. सेटपॉइंट गाठताना इंटिग्रल 50 टक्क्यांवर असेल, तर त्याचा पाचवा हिस्सा काढला की नेमके 40 उरतात. लोड (हीटरवरचा भार) बदलला की हा हिस्साही पुन्हा ठरवावा लागतो.

दुसरी अडचण उशिराची. हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) यांच्यामध्ये जाड धातू असतो. एरर शून्य दिसेपर्यंत जास्तीची उष्णता आत शिरलेली असते. त्यामुळे शून्याची वाट न पाहता, तापमान चढण्याचा वेग बघून रिसेट थोडा आधी करावा.

पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकात) ‘एरर बरोबर शून्य’ अशी अट लिहू नका. दोन सॅम्पलच्या (ठरावीक अंतराने घेतलेल्या मोजमापांच्या) मधेच शून्य निसटून जातं. मागच्या आणि आताच्या एररचं चिन्ह तपासा. सिग्नलमध्ये नॉइज असेल तर चिन्ह उगाच उलटसुलट होतं, म्हणून दोन रिसेटमध्ये किमान वेळ ठेवा.

‘मूळ पीआय लूप (एररच्या प्रमाणात आणि इंटिग्रलवर चालणारं नियंत्रण) स्थिर आहे, म्हणजे रिसेटसह स्थिरच राहणार’ हे गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं. रिसेटमुळे स्थिर लूपही बिघडू शकतो. वरचे 38 अंश फक्त पहिल्या हार्मोनिकचे, म्हणजे सिग्नलच्या मूळ लहरीचे, आहेत. त्याहून जलद लहरी, म्हणजे पुढचे हार्मोनिक, त्यात धरलेलेच नाहीत. लोड आणि सेटपॉइंट बदलून सिम्युलेशन केल्याशिवाय मशीनवर जाऊ नये.

आणि रिसेट सगळीकडे लागतही नाही. सावदा-रावेरकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरला (केळी पिकवायच्या खोलीला) 16 ते 18 अंश राखायला बहुधा साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट पुरतो. टाकीच्या पातळीचं मात्र वेगळं आहे. टाकी स्वतःच इंटिग्रेटर, त्यात पीआय लावला की सेटपॉइंट एकदम बदलल्यावर एररचं एकूण क्षेत्रफळ शून्य व्हावंच लागतं. म्हणजे जितकी पातळी कमी राहिली, तेवढी भरपाई वर जाऊन होणारच. सेटपॉइंट फिल्टर न लावता नुसत्या ट्यूनिंगने हा ओव्हरशूट (सेटपॉइंटच्या वर जाणं) जात नाही. रिसेटने मात्र ही अट मोडता येते, म्हणून रिसेटचा प्रयोग करायचाच असेल, तर तो अशा टाकीवर करावा.