व्हीलचेअर वापरताना या चुका टाळा

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि घरात व्हीलचेअर आली. मागून ढकलायची, त्यात शिकायचं काय, असं आम्हाला वाटलं. पहिल्याच आठवड्यात आई पडली. खुर्ची एका जागी होती, ब्रेक लावलेले होते. उठताना तिने फूटरेस्टवर भार दिला आणि खुर्ची तिच्यासकट पुढे कलंडली.

म्हणून सगळ्यात आधी बसण्या-उठण्याकडे लक्ष द्या. दोन्ही ब्रेक लावा, फूटरेस्ट वर दुमडा किंवा बाजूला फिरवा, मगच माणसाला हलवा. खुर्ची पलंगाला थोडी तिरकी लावा, चांगल्या हातापायाच्या बाजूला. आणि कृपा करून लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. तो खांदा सैल झालेला असतो, निखळू शकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तिथे धरा. बसल्यावर लुळा हात मांडीवर उशीवर ठेवा. तो नकळत खाली लोंबतो आणि बोटं चाकाच्या आऱ्यांत जातात. पदर, ओढणी, शाल यांचंही तेच.

ब्रेक लावूनही खुर्ची सरकते? आधी टायरची हवा बघा. या ब्रेकचा दांडा टायरवरच दाबला जातो. हवा कमी झाली की पकड सुटते. सायकलच्या दुकानात हवा भरून मिळते. टायर भरीव असेल तर ब्रेकचे नट सैल करून तो टायरच्या जवळ सरकवावा लागतो. हा ब्रेक उभ्या खुर्चीसाठी आहे, उतारावर वेग कमी करण्यासाठी नाही.

खुर्ची एका बाजूला ओढते? दोन्ही चाकांतली हवा सारखी आहे का ते पाहा, मग पुढच्या छोट्या चाकांत गुंतलेले केस आणि दोरे काढा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

उताराचं मात्र नीट समजून घ्या. सहा इंचांच्या पायरीला निदान सहा फूट लांब रॅम्प हवा, म्हणजे १:१२. कित्येक सोसायट्यांचे रॅम्प याच्या निम्म्यानेही लांब नसतात. अशा ठिकाणी चढताना तोंड पुढे, उतरताना खुर्ची उलटी करून, आपण खाली राहून, मागे बघत एकेक पाऊल. एकच पायरी उतरायची असेल तरी मोठी चाकं आधी. उंबरठा चढवताना मागच्या खालच्या नळीवर पाय देऊन पुढची चाकं उचला. पावसात ओल्या फरशीवर एकट्याने हे करू नका.

जिन्यावरून उचलायची वेळ आली तर हात न निघणाऱ्या सांगाड्याला लावा. हातटेकू किंवा फूटरेस्ट धरलात तर तेवढंच हातात येतं. हँडलला भाजीची पिशवीही अडकवू नका. माणूस उठला की खुर्ची मागे उलटते.

आणखी एक चूक आम्ही केली, ती पडण्यापेक्षा महाग पडली. रेक्झिनच्या सीटवर आईला तासन्‌तास बसवलं. तिला अंगाला टोचतंय हे कळतच नव्हतं, आणि सतत एकाच जागी भार पडून कातडीला जखम झाली. चांगली गादी घ्या, मधे भोक असलेली रिंग नको, तिच्या कडांनी उलट रक्तपुरवठा अडतो. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा एका कुशीला झुकवून भार हलवा. रोज रात्री माकडहाड आणि बसायच्या हाडांजवळची कातडी उजेडात तपासा. लाल किंवा काळसर डाग बोटाने दाबून फिका होत नसेल, तर त्यावर बसवणं थांबवा आणि दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा.