आफ्रोबीट बँड उभा करताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत वाजवणाऱ्यांची वानवा नाही. लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले आहेत, ढोलकी-हलगीवर हात बसलेली पोरं आहेत. तरी आफ्रोबीटचं, म्हणजे नायजेरियातल्या ठेकाप्रधान बँडसंगीताचं, गणित बऱ्याचदा पहिल्या तालमींतच फिसकटतं, कारण जो तो हात दाखवायला बघतो. इथे प्रत्येकाच्या वाट्याला एक छोटा तुकडा येतो आणि तो दहा-पंधरा मिनिटं न ढळता वाजवायचा असतो.

ऐकायचं ते आफ्रोबीटचा जनक फेला कुटी आणि त्याचा ड्रमर टोनी ॲलन यांचं १९७०च्या दशकातलं, लागोसमधलं वादन. आजचं नायजेरियन पॉप ऐकून तालीम सुरू केलीत तर अर्धी वाद्यं रिकामी बसतील.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ड्रमवर. रॉकची सवय असलेला ड्रमर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) हाणतो आणि ठेका तिथेच जड होतो. ॲलनच्या वादनात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर आणि हायहॅट (झांजांची जोडी) एकमेकांना उत्तरं देतात. स्नेअरचे कितीतरी घाव जेमतेम ऐकू येतात. मेट्रोनोम (लय धरणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर लावा. दहा मिनिटं नुसता हायहॅट, मग किक, शेवटी स्नेअर. तिन्ही स्थिर झाले की पाच-पाचने वाढवत १०५-११० पर्यंत या. काँगोवर (हाताने वाजवायच्या उंच ढोलांवर) तबलजी बसवलात तर आधीच सांगा: समेवर वजन नको, तिहाई तर अजिबात नको. तिहाई आली की श्रोत्याला वाटतं, गाणं संपलं.

दोन्ही गिटारवाल्यांनी कॉर्ड खरडली तर बेस बुडतो. एकाने तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवून एकेक स्वर दाबून वाजवायचा, दुसऱ्याने कॉर्डचे तुटक तुकडे. बेसवाल्याने मोकळ्या जागा सोडाव्यात.

ब्रासची, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सवाल्यांची, अडचण वेगळीच असते. गिटारवाला सोय म्हणून ई मायनरची पट्टी धरतो. ट्रम्पेट बी फ्लॅटचं, म्हणजे त्यावर सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो, म्हणून त्याला एफ शार्प मायनर वाजवावं लागतं. आल्टो सॅक्सला सी शार्प मायनर. कानाने शिकलेला वादक तिथे अडखळतो आणि दोष त्याच्या माथी येतो. गाणं जी मायनरमध्ये बांधा: ट्रम्पेटला ए मायनर, आल्टोला ई मायनर मिळतो, बोटं आपोआप सुटतात. सूर जुळवण्याआधी दहा मिनिटं फुंकून वाद्य गरम करू द्या. थंड वाद्य उतरलेलं असतं, तापलं की चढतं. आणि तुळशीच्या लग्नानंतर ही मंडळी लग्नसराईत अडकतात, तेव्हा ब्रासच्या तालमी पावसाळ्यातच उरका.

शेकेरे, म्हणजे मण्यांची जाळी घातलेलं भोपळ्याचं वाद्य, महागडं मागवू नका. मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोऱ्याला न चालणारा लहान, पक्का वाळलेला भोपळा विचारा. आतल्या बिया आणि गर खरवडून काढा, देठाकडचं तोंड उघडं ठेवा. तळावर थाप मारली की घुमारा तिथूनच बाहेर पडतो. बाहेरून नायलॉनच्या दोऱ्यात ८ मिमीचे मणी ओवून जाळी विणा. जाळी गच्च बसली तर मणी आपटतच नाहीत. फार सैल झाली तर हात थांबल्यावर आवाज येतो आणि ठेका मागे पडतो. एक बोट आत सरकेल एवढी ढील पुरे.

कार्यक्रम ठरवताना साउंडवाल्याला नुसतं ‘बँड आहे’ म्हणू नका. दहा जणांच्या संचाला मिक्सरवर १६ ते १८ चॅनल (माइक-वाद्यं जोडायच्या जागा) लागतात, आठ चॅनलच्या मिक्सरवर शेकेरे आणि कोरस हमखास गळतात. यादी लिहून द्या: ड्रमला चार माइक, काँगोला दोन, शेकेरेला एक, ब्रासला तीन, गाणाऱ्यांना तीन, बेस, दोन गिटार आणि ऑर्गन वेगळे. डीजेचे सबवूफर आहेत तसे ठेवले तर किक आणि बेस एकमेकांत मिसळतात, त्यांचा आवाज आधी कमी करायला लावा. ड्रमरला बेस आणि शेकेरे स्पष्ट ऐकू येईल असा मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) हवाच. उघड्यावर भोंगा रात्री दहाला बंद करावा लागतो. पंधरा मिनिटांची चार गाणी म्हणजे तास गेला. तेव्हा साउंडचेक दुपारी चारला आटपा आणि साडेआठला पहिलं गाणं सुरू करा.